चार जिंकले, आठ हरले : २०१६चा नोटर डेम बुडवला कुणी?

सोनेरी टोप

परवा नेपरव्हिलला मित्राकडे मिसळ खाताना विषय निघाला आणि वाद इतका रंगला की तर्री गार झाली. विषय नोटर डेम या अमेरिकेतल्या युनिव्हर्सिटीचा २०१६चा फुटबॉल संघ. (आपला पायाने खेळायचा नव्हे, अमेरिकन.) मी तेव्हा साऊथ बेंडलाच, म्हणजे नोटर डेमच्या गावीच शिकत होतो, त्या वर्षीचा घरच्या मैदानावरचा एकही सामना चुकवला नाही. म्हणजे जखमेवर मीठ चोळून घ्यायला मी स्वतः चालत जायचो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : आदल्या वर्षी हा संघ १०-३ (दहा विजय, तीन पराभव) होता. २०१६ सुरू होताना देशात दहावा क्रमांक दिलेला. आणि डिसेंबर उजाडायच्या आत ४ विजय, ८ पराभव. टेक्ससकडून ५०-४७, तेही दुसऱ्या जादा डावात. ड्यूक हे खरं बास्केटबॉलचं कॉलेज, ते आमच्या अंगणात येऊन ३८-३५ने जिंकून गेलं. नेव्हीकडून, म्हणजे नौदल अकादमीच्या संघाकडून, २८-२७. आठातले सात पराभव आठ किंवा त्याहून कमी गुणांचे, म्हणजे एका टचडाउनच्या (चेंडू समोरच्यांच्या गोलरेषेपार नेण्याच्या) हिशेबातले. फक्त शेवटी यूएससीने ४५-२७ असं सरळ झोडपलं.

आता हीच मुलं पुढे कुठे गेली ते बघा. आघाडीच्या फळीतला डावा गार्ड क्वेंटन नेल्सन, २०१८च्या ड्राफ्टमध्ये (एनएफएल या व्यावसायिक लीगचे संघ दरवर्षी कॉलेजची मुलं क्रमाने निवडतात, तो) सहावा, कोल्ट्स संघाकडे, आणि पहिल्या तीनही वर्षी ऑल-प्रोच्या, म्हणजे लीगमधल्या सर्वोत्तमांच्या, पहिल्या संघात. त्याच्या शेजारी उभा राहणारा माइक मॅकग्लिंची त्याच ड्राफ्टमध्ये नववा, फॉर्टीनायनर्सकडे. जेरी टिलरी २०१९ला पहिल्याच फेरीत. ज्युलियन लव्ह, ड्रू ट्रँक्विल, चेस क्लेपूल, सगळे एनएफएलमध्ये खेळले. क्वार्टरबॅक (खेळी चालवणारा, पास टाकणारा) डिशोन कायझर दुसऱ्या फेरीत गेला.

माझं म्हणणं साधं आहे. शिधा पहिल्या प्रतीचा होता, स्वयंपाक बिघडवला. आणि आचारी होता मुख्य प्रशिक्षक ब्रायन केली. मित्र म्हणतो, पोरंच कच्ची होती, पुढे पिकली. तुमचं काय मत? या धाग्यावर सांगा.

आडवा छेद

तुमचा मित्र बरोबर आहे, त्याला माझ्यातर्फे अजून एक पाव द्या.

पुढे काय झालं ते माहीत असताना मागचं वाचणं सोपं असतं. तुम्ही दिलेल्या यादीत २०१६ला कोण किती वर्षांचा होता ते लिहा ना. लव्ह आणि क्लेपूल पहिल्या वर्षाला. टिलरी दुसऱ्या. तुम्ही २०१९चा टिलरी २०१६च्या मैदानात उभा करताय. आंबा आढीत असताना चाखायचा आणि आंबट लागला म्हणून माळ्याला शिव्या घालायच्या, असला प्रकार.

आणि गेलं कोण ते का नाही लिहिलं? आदल्या संघातले सात जण २०१६च्या ड्राफ्टमध्ये निवडले गेले. रॉनी स्टॅनली सहावा, विल फुलर पहिल्या फेरीत, जेलन स्मिथ, निक मार्टिन, शेल्डन डे, प्रोसाइज, रसेल. एवढा संसार एका उन्हाळ्यात उठून गेला. वर ऑगस्टमध्ये काही खेळाडूंना अटक झाली, त्यातल्या एका अनुभवी सेफ्टीला (बचावात सर्वात मागे उभा राहणारा) संघातून काढावं लागलं. दहावा क्रमांक हीच मुळात पत्रकारांनी जुन्या वासावर दिलेली उधारी होती.

केरीचा कावळा

मी रॅलेच्या, एनसी स्टेटविरुद्धच्या सामन्याला होतो. ८ ऑक्टोबर, मॅथ्यू वादळाचा पाऊस. बायको म्हणाली होती जाऊ नकोस, पण तिकिटं काढलेली.

पाऊस म्हणजे आपल्याकडे आषाढात कोकणात लागतो तसा, उभा नाही, आडवा. गवतावर तळी. मी ज्या बाजूला बसलो होतो तिथून सेंटरची पाठ दिसायची. सॅम मस्टिफर त्याचं नाव. सेंटर म्हणजे जो वाकून चेंडू पायांमधून मागे क्वार्टरबॅककडे देतो, त्याला स्नॅप म्हणतात. प्रत्येक खेळी तिथून सुरू होते. क्वार्टरबॅक चार-पाच पावलं मागे उभा असेल तर चेंडू हवेतून जावा लागतो. आता साबण लावलेला नारळ डोकं खाली घालून, मागे न बघता, दोन पायांतून नेमका कुणाच्या तरी छातीवर फेकून दाखवा. तोही समोर सव्वाशे-दीडशे किलोचा माणूस तुम्हाला आडवं करायला टपलेला असताना. चेंडू कधी कायझरच्या घोट्याशी, कधी बाजूला. कायझर चेंडू शोधतोय आणि तेवढ्यात चौघे अंगावर.

निकाल १०-३. आमच्या रॅलेवाल्यांचा एकमेव टचडाउनसुद्धा अडवलेल्या पंटवरून (चेंडू लाथेने लांब समोरच्यांकडे धाडतात त्यावरून) आलेला. त्या चिखलात केलीने कायझरला २६ पास टाकायला लावले. त्यातले ९ पोचले, ५४ यार्ड मिळाले. चौपन्न! आणि सामन्यानंतर पत्रकारांपुढे हा माणूस काय म्हणाला, तर स्नॅप फार वाईट होते.

मी एनसी स्टेटच्या बाजूचा, जिंकलो म्हणून खूश होतो. पण दुसऱ्या दिवशी ते वाचलं आणि त्या पोराची दया आली.

सोनेरी टोप

कावळेभाऊ, तुम्ही माझा खटलाच लढवलात, धन्यवाद. आता पुढचं ऐका. मस्टिफरला २०१९च्या ड्राफ्टमध्ये कुणीही घेतलं नाही. सात फेऱ्या संपल्या, नाव नाही. मग शिकागो बेअर्सने असाच करार करून घेतला, आणि २०२०पासून तो बेअर्सचा सुरुवातीचा सेंटर म्हणून खेळला. मी बेअर्सच्या मैदानावर, सोल्जर फील्डला, एकदा डिसेंबरात बघितलाय, मिशिगन तळ्याकडून येणारा वारा कान कापून नेतो तिथे. स्नॅप व्यवस्थित जात होते.

त्या दिवशीच्या पाच जणांच्या फळीत डावीकडून मॅकग्लिंची, नेल्सन, मस्टिफर, मॅकगव्हर्न, बार्स. पाचपैकी चार जण पुढे एनएफएलमध्ये सुरुवातीच्या संघात खेळले. अशी फळी हाताशी असताना वादळात चेंडू हवेत कोण फेकतं? ढकलायचं ना सरळ पुढे!

नागपुरी ठेचा

मले या खेळातलं फारसं समजत नाही, पण तुमचा वाद ओळखीचा वाटते. २००७चा वर्ल्डकप आठवा. सचिन, द्रविड, गांगुली, सेहवाग, धोनी, युवराज, झहीर. पोर्ट ऑफ स्पेनले बांगलादेशनं हरवलं, मग श्रीलंकेनं, आणि आपण पहिल्याच फेरीत घरी. तेव्हाही सगळ्यायचं बोट ग्रेग चॅपेलकडे. चार वर्षांनी त्यातलेच कितीतरी जण वानखेडेवर कप घेऊन उभे. आता सांगा, २००७ले माणसं कच्ची होती का? सचिन कच्चा होता का?

आडवा छेद

ठेचाभाऊ, उदाहरण चमचमीत आहे, पण लागू पडत नाही. २००७ला आपण मोजून तीन सामने खेळलो. तीन सामन्यांत काहीही होतं. इथे बारा सामने आहेत. बारा वेळा नाणं पडलं आणि आठ वेळा उलटं पडलं.

आणि खरं सांगायचं तर एवढ्या थोड्या फरकाने सात वेळा हरणारा संघ वाईट नसतो, दुर्दैवी असतो. त्यातले निम्मे इकडे पडले असते तर ७-५, कुणी ढुंकून बघितलं नसतं. पुढच्याच वर्षी १०-३. त्यानंतर १२-०, आणि थेट प्लेऑफ, म्हणजे राष्ट्रीय विजेतेपदाची बाद फेरी. मुख्य प्रशिक्षक कोण? तोच, ब्रायन केली. आचारी तोच, स्वयंपाकघर तेच. मग बिघडवलेला स्वयंपाक एका वर्षात सुधारला कसा? पोरं एक वर्षाने मोठी झाली म्हणून. नेल्सन आणि मॅकग्लिंची लवकर निघून न जाता आणखी एक वर्ष थांबले, आणि २०१७ला त्यांच्या फळीला देशातल्या सर्वोत्तम फळीचा 'जो मूर' पुरस्कार मिळाला. हा माझ्या बाजूचा पुरावा आहे, तुमच्या नाही.

सोनेरी टोप

आचारी तोच, पण हाताखालचे बरेच बदलले, हे तुम्ही सोयीस्कर विसरलात.

बचावाचे प्रशिक्षक ब्रायन व्हॅनगॉर्डर. पहिल्या चार सामन्यांत ५०, १०, ३६, ३८ असे गुण दिले. ड्यूककडून हरल्यावर केलीने पत्रकारांना सुनावलं की हल्ला आणि बचाव मिळून बाविसातल्या कुणाचीही जागा पक्की नाही. रोख पोरांवर. आणि दुसऱ्या दिवशी नारळ कुणाला दिला, तर व्हॅनगॉर्डरला. म्हणजे चूक कुठे आहे हे त्यालाही कळत होतं, फक्त माइकसमोर सांगवत नव्हतं.

२०१७ला वेक फॉरेस्टहून माइक एल्को आले. आता ट्रँक्विलकडे बघा. दोन्ही गुडघ्यांची मोठी दुखापत झालेला मुलगा, मेकॅनिकल इंजिनीअरिंग शिकणारा. २०१६ला त्याला सेफ्टी म्हणून मागे ठेवलेलं, उघड्या मैदानात पास झेलणाऱ्या वेगवान रिसीव्हरांच्या मागे धावायला. मी स्टँडमधून बघायचो, तो नेहमी एक पाऊल उशिरा. लोक त्याला नावं ठेवायचे, मीही ठेवलीत. एल्कोने त्याला पुढे आणला, रोव्हर (सेफ्टी आणि लाइनबॅकर यांच्यामधली जागा) केला. त्याच्या पुढच्या वर्षी तो लाइनबॅकर (बचावाच्या पहिल्या फळीच्या लगेच मागचा) झाला. मग चार्जर्सने चौथ्या फेरीत घेतला आणि २०२४च्या फेब्रुवारीत चीफ्सकडून सुपर बोल, म्हणजे एनएफएलचा अंतिम सामना, जिंकला. पोरगा पिकला नाही हो, त्याला योग्य जागी उभं केलं! स्लिपमध्ये झेल घेणाऱ्याला बाउंड्रीवर उभं करून तो पळत नाही म्हणून ओरडायचं, असं चाललं होतं.

आडवा छेद

ट्रँक्विलचं मान्य. ते खरंच ढळढळीत आहे.

पण मग तुमचा आरोप व्हॅनगॉर्डरवर जातो, केलीवर नाही.

सोनेरी टोप

व्हॅनगॉर्डरला आणला कुणी? माझ्या काकांनी?

पावशेर

तुम्ही दोघे सगळ्यात मोठं नाव सोडून भांडताय. कायझर.

टेक्ससविरुद्धच्या पहिल्या सामन्यात त्याचे पाच टचडाउन पास, एक टचडाउन स्वतः धावून. एका सामन्यात सहा, आणि तरी हार. शिवाय त्याच सामन्यात केली त्याला आणि मलिक झायरला आलटूनपालटून खेळवत होता, कारण पहिला कोण हे ठरवलंच नव्हतं. हंगाम संपल्यावर कायझर दोन वर्षं शिल्लक असताना ड्राफ्टला निघाला. ५२वा, क्लीव्हलँड ब्राऊन्सकडे. तेव्हा त्याचा जुना प्रशिक्षक केलीच सांगत फिरत होता की याने अजून कॉलेजात असायला हवं होतं. ब्राऊन्स २०१७ला ०-१६. त्यातले पंधरा सामने कायझरने सुरू केले, पंधराही हरले. ११ टचडाउन, २२ इंटरसेप्शन (समोरच्यांनी झेललेले पास). पुढच्या वर्षी ग्रीन बेला अॅरन रॉजर्सच्या मागे बाकावर, आणि त्यानंतर एनएफएलच्या खऱ्या सामन्यात तो दिसलाच नाही.

म्हणून मला सोनेरीरावांचा मूळ मुद्दाच पटत नाही. 'पुढे चमकले म्हणजे तेव्हाही हिरे होते' असं म्हणायचं, तर कायझर पुढे बुडाला म्हणजे तेव्हाही दगड होता असं म्हणायला तयार आहात? नाही ना. मग पुढची कारकीर्द पुराव्यात घेऊच नका.

केरीचा कावळा

पावशेर, तुम्ही उलटं समजताय. कायझरच्या बाबतीत दोनदा तेच झालं. बुडत्या जहाजावरून उतरून दुसऱ्या बुडत्या जहाजावर.

त्याच ड्राफ्टमधला दुसरा क्वार्टरबॅक बघा. २०१६ला टेक्सस टेकही ५-७च होतं. ओक्लाहोमाविरुद्ध त्यांच्या पोराने ७३४ यार्ड पास टाकले, आणि निकाल काय, तर ६६-५९ हार. पॅट्रिक महोम्स. चीफ्सनी वर सरकून त्याला दहावा घेतला आणि जवळजवळ अख्खं वर्ष अॅलेक्स स्मिथच्या मागे बसवला. शिक, घाई नाही. पुढे तो केवढा झाला, ते तुम्हाला माहीत आहे. कॉलेजात दोघेही हरणाऱ्या संघात, वय जवळपास तेच. एकाला वर्षभर सावलीत ठेवलं, दुसऱ्याला भर उन्हात रोपासकट उपटून लावला.

पावशेर

महोम्सचा हात आणि कायझरचा हात एकाच तराजूत? तुम्ही पावसात जास्तच भिजलात.

मधली सुट्टी

मला या खेळातलं ओ की ठो कळत नाही, नवरा बघतो म्हणून कानावर पडतं. पण धागा वाचताना एक गोष्ट खटकली. तुम्ही सगळे 'शिधा', 'हिरे', 'दगड' म्हणताय. ही एकोणीस-वीस वर्षांची मुलं होती ना? माझा मुलगा त्या वयाचा आहे, त्याला लाँड्रीत पांढरे कपडे वेगळे टाकायचे एवढं लक्षात राहत नाही.

नवऱ्याला विचारलं, तर म्हणाला तेव्हा त्यांना शिष्यवृत्तीपलीकडे काही मिळत नव्हतं, स्वतःच्या नावावर जाहिरातीचे पैसे घ्यायची परवानगी २०२१च्या जुलैपासून आली. म्हणजे पगार प्रशिक्षकाला, कॅमेऱ्यासमोर शब्द ऐकायचे ते बिनपगारी पोराने. स्नॅप वाईट गेला हे खरं असेलही. पण ते खोलीत बोलायचं असतं. घरात आपण पाहुण्यांसमोर मुलाच्या मार्कांवर बोलतो का? (बोलतो, माहीत आहे. पण बोलू नये.)

आडवा छेद

ताई, तुमच्याशी भांडायची हिंमत नाही. फक्त एवढंच, हा खोलीत बसून खेळायचा खेळ नाही. साऊथ बेंडला तेव्हा ऐंशी हजार लोक समोर बसायचे, टीव्हीवर अख्खा देश. प्रशिक्षकाने काही नाही बोललं तरी स्नॅप सगळ्यांनी पाहिलेलाच असतो.

मधली सुट्टी

म्हणूनच तर बोलायची गरज नव्हती.

सही-शिक्का

एक गंमत कुणीच नोंदवली नाही. २२ नोव्हेंबर २०१६, हंगामाचा एक सामना बाकी, आणि त्याच आठवड्यात एनसीएएचा (कॉलेजच्या खेळांची देशव्यापी संघटना) निकाल आला : संघाबरोबर काम करणाऱ्या एका विद्यार्थी ट्रेनरने काही खेळाडूंचा अभ्यास करून दिला होता, म्हणून २०१२ आणि २०१३चे मिळून २१ विजय रद्द. युनिव्हर्सिटीने अपील केलं, तेही २०१८ला फेटाळलं.

२०१२ म्हणजे ज्या वर्षी नियमित हंगामात एकही सामना न हरता ते राष्ट्रीय अंतिम सामन्यापर्यंत पोचले होते. आता अधिकृत वहीत २०१२चे विजय शून्य. आणि ज्याच्यावर तुम्ही इथे छाती पिटताय त्या २०१६चे चार. सरकारी दप्तराच्या हिशेबाने २०१६ हा २०१२ आणि २०१३ दोन्हींपेक्षा उजवा हंगाम आहे. केलीने तिथे मैदानावर ११३ सामने जिंकले, कागदावर ९२.

नागपुरी ठेचा

हे तर सातबाऱ्यासारखं झालं. जमीन कसली एकानं, नाव दुसऱ्याचंही नाही.

सोनेरी टोप

सही-शिक्का, हे मी तेव्हा लायब्ररीत बसून वाचलं होतं. बाहेर त्या भिंतीवर दोन्ही हात वर केलेला येशू, ज्याला आम्ही सगळे 'टचडाउन जीझस' म्हणतो (टचडाउन झाला की पंच असेच हात वर करतो). त्या दिवशी ते हात 'माझ्याकडे काय बघता' असे वाटले.

आडवा छेद, तुमच्या 'दुर्दैवी' या शब्दावर शेवटचं. नेव्हीचा सामना घ्या. नेव्हीची पोरं जवळजवळ पासच टाकत नाहीत, चेंडू पोटाशी धरून तीन-तीन यार्ड सरकतात आणि घड्याळ खातात. आपल्या वाट्याला चेंडू किती वेळा आला? अख्ख्या सामन्यात सहा वेळा. साडेसात मिनिटं उरलेली, २८-२४ने मागे, चौथा म्हणजे शेवटचा प्रयत्न, आणखी चार यार्ड काढायला हवेत, समोर गोलरेषा दिसतेय. केलीने काय केलं? किक मारून तीन गुण घेतले. २८-२७. म्हणजे अजूनही मागेच! आणि चेंडू नेव्हीला दिला. त्यानंतर चेंडू आपल्याकडे परत आलाच नाही. ते उरलेला सगळा वेळ तीन-तीन यार्ड सरकत बसले. मी घरी टीव्हीसमोर उभा राहून घड्याळ बघत होतो, डाळ करपल्याचा वास आल्यावर कळलं.

डावीकडे नेल्सन आणि मॅकग्लिंची उभे असताना चार यार्ड मागायला घाबरणं, याला तुम्ही नशीब म्हणा. माझ्याच्याने म्हणवत नाही.

आडवा छेद

नेव्हीचं मी देऊन टाकतो. तिथे किक न मारता पुढे जायलाच हवं होतं.

पण व्हर्जिनिया टेकविरुद्ध १७-०ने पुढे असताना ३४-३१ हरले, ते कुठल्या किकमुळे? ती पोरांचीच गळती होती. आणि स्टॅनफर्डविरुद्धही मध्यंतराला पुढेच होते. आठ पराभवांचे दोन-तीन मी केलीच्या नावावर टाकतो, दोन व्हॅनगॉर्डरच्या, बाकीचे त्या वयाच्या नावावर. यापुढे सवलत नाही.

पावशेर

म्हणजे भाजीवाल्यासारखं, 'जाऊ द्या, सव्वादोन द्या'.

केरीचा कावळा

माझा रॅलेचा तर नक्की केलीच्या नावावर टाका. २६ पास, त्या पावसात. तो निळा प्लॅस्टिकचा रेनकोट अजून गॅरेजमध्ये आहे, बायको दरवर्षी टाकायला काढते.

तसं सोनेरीराव, २०१८ला तुम्ही १२-० होऊन प्लेऑफमध्ये क्लेम्सनसमोर गेलात, ३०-३. तेव्हा तर पोरं पिकलेली होती, जागा बरोबर होत्या, पाऊसही नव्हता. तिथे काय झालं?

सोनेरी टोप

कावळेभाऊ, त्या सामन्याला सासरे घरी होते. त्यावर वेगळा धागा काढा, मी प्रतिसाद देणार नाही.